फळीवरच्या खुणा

प्रिय सानिका आणि ओजस,

तुमच्या आजोबांची आठवण झाली की मला आधी त्यांचा चेहरा दिसत नाही. त्यांच्या तळहाताचा आवाज ऐकू येतो. सकाळी, खिडकीतलं ऊन अजून ताकासारखं फिकट असताना, ते पुढच्या खोलीतल्या टेबलाशी येत आणि उजवा तळहात फळीच्या कडेवरून हलकेच फिरवत. वाळक्या पानावरून दुसरं पान सरकावं तसा तो आवाज असे. इतका मंद, की नळाला पाणी आलेलं असलं तर तो बुडून जाई. आणि पाणी आलेलं नसलं, म्हणजे आपल्या सोलापुरात बहुतेक सकाळी, तो स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ पोहोचे.

सानिका, परवा तू फोनवर म्हणालीस, "आजी, बाबा येतोय ना, त्याच्याबरोबर आजोबांच्या टेबलाची नुसती वरची फळी पाठव. लोखंडी पाय विमानात कोण घेणार! फळी मी माझ्या नव्या घरात खिडकीशी बसवून घेईन. आजोबांचे हात फिरलेत तिच्यावर." आणि मागून ओजस ओरडला, "ए आजी, धुऊन-पुसून चकाचक करून पाठवू नकोस हं, तुझा काही नेम नाही!"

मी हसले आणि "बरं" म्हणाले. ते "बरं" खोटं होतं. तुमचे बाबा दोन आठवड्यांनी येतील आणि ती फळी पायांपासून सोडवतील. त्याआधी तुम्हाला एक गोष्ट कळायला हवी. फोनवर सांगायला गेले तर अर्ध्यात थांबेन हे मला माहीत आहे. कागदावर मी कधी अर्ध्यात थांबलेली नाही.

आजोबा गिरणीत घडी खात्यात होते. विणून आलेलं कापड तिथे लांबच लांब टेबलांवर पसरून तपासलं जाई, मग मोजून घडी घातलं जाई. त्यांचं काम दोष शोधण्याचं. पण ते दोष डोळ्यांनी शोधत नसत. कापड टेबलावरून सरकत असताना ते मान किंचित वळवून कुठेतरी खिडकीबाहेर पाहत, आणि बोटांची टोकं मात्र कापडावर टेकलेली असत. झऱ्याच्या पाण्यात बोट धरून बसलेल्या माणसाची एकाग्रता त्या बसण्यात होती. एखादा धागा निसटलेला असला, एखादा दुहेरी विणला गेला असला, की बोटं थबकत. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या पातळाचा काठ त्यांनी असाच चाचपला होता आणि म्हणाले होते, "दुकानदाराने फसवलंय तुम्हाला." मी, चार इंग्रजी पुस्तकं जास्त वाचल्याच्या तोऱ्यात वावरणारी नवी नवरी, त्या दिवशी दिवसभर रुसले होते. संध्याकाळी पातळ उजेडात धरून पाहिलं तर काठात खरोखरच चार धागे तुटलेले होते.

गिरणी बंद पडली तेव्हा तुमचे बाबा शाळेत होते. यंत्रं भंगारात गेली, खिडक्यांच्या काचा गेल्या, छपराचे पत्रेसुद्धा गेले. आजोबा तीन दिवस त्या पडझडीत जाऊन उभे राहत आणि संध्याकाळी परत येत. चौथ्या दिवशी दारात हातगाडी आली. तिच्यावर घडी खात्यातलं त्यांचं टेबल होतं, आपल्या खोलीत मावेल इतकं कापून आखूड केलेलं. ओतीव लोखंडाचे चार पाय, त्यांना जोडणारी आडवी पट्टी आणि वर दोन बोटं जाडीची सागवानी फळी. अर्ध्या आयुष्याचं कापड त्या फळीवरून वाहून गेलं होतं आणि त्या प्रवाहानं तिला नदीतल्या दगडासारखं घोटीव करून टाकलं होतं. गल्लीतली माणसं म्हणाली, गिरणीतून हेच आणलं होय! आजोबा म्हणाले, "हेच माझ्या हाताखालचं होतं."

त्या फळीत तीन खोटी, म्हणजे दोष, होत्या. मी त्यांना खोटीच म्हणत असे. कडेला एक पितळी खिळा होता, कापड मोजण्याच्या मापाचा. त्याचं डोकं वर आलेलं असल्यामुळे येता-जाता माझा पदर त्यात अडके. मधून एक लांब भेग गेलेली होती आणि तिच्यात भाकरीचा चुरा जाऊन बसे. दर शनिवारी मी तो केसांच्या पिनेनं काढी. आणि डाव्या अंगाला लाकडाची एक गाठ निखळून खळगा पडला होता, तिथे धूळ साचे. माझं कपाट तुम्ही पाहिलेलं आहे. डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर माझं शाळामास्तरणीचं अक्षर. अशा बाईला त्या फळीनं कितीतरी वर्षं दर शनिवारी वाकुल्या दाखवल्या.

मग आजोबांचे डोळे गेले. काचबिंदू हे नाव आपण फार उशिरा ऐकलं. अंधार त्यांच्याकडे एकदम आला नाही. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी काठाकडून आत आत सरावं, तसा उजेड त्यांच्या नजरेच्या कडांवरून आत आटत गेला आणि अखेर मध्यावर उरलेला नाण्याएवढा ओलावाही एका चैत्रात सुकला. मला वाटलं होतं, हा माणूस आता खचेल. ते खचले नाहीत. एक काठी घेतली, आठ दिवस घरात ठेचकाळले आणि नवव्या दिवशी त्या टेबलाशी जाऊन बसले. त्यानंतर त्यांचा सगळा दिवस त्या टेबलाशीच मावू लागला. चहाचा कप स्वतः घेत, स्वतः ठेवत. गोळ्यांची डबी, रेडिओ, पाण्याचा तांब्या, कंगवा, सगळं त्यांच्या हाताला बिनचूक सापडे. ताटातली शेंगांची चटणी कुठे वाढली आहे हे मला त्यांना एकदाही सांगावं लागलं नाही. मी कौतुकानं शेजारच्या नरसाबाईंना सांगत असे, आमच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली आहे म्हणून त्यांचं अडत नाही. हे सारं माझ्या शिस्तीचं यश आहे, असं मी प्रामाणिकपणे समजत होते.

आता मागच्या फाल्गुनाकडे येते.

महाशिवरात्रीनंतर एके दुपारी त्यांच्या बोटात फळीची कूस गेली. भिंग घेऊन, सुई तापवून मी ती काढली. ते हूं की चूं न करता बसले होते. रक्ताचा थेंब मात्र बराच मोठा आला. फळीची मागची कड उचकून पाहिली तर एका कोपऱ्यात वाळवी लागलेली. त्याच क्षणी मी ठरवलं की पाडव्याच्या आत फळी बदलायची. ज्या बोटांवर हा माणूस जगतो ती बोटं जपायला हवीत, एवढाच विचार त्या वेळी माझ्या मनात होता. तुम्ही हे खरं धरून चालाल तर मला बरं वाटेल.

ते मंद्रूपला धाकट्या भावाकडे चार दिवस गेले. मी रशीदभाईंना बोलावलं. आपल्या घरातलं सुतारकाम त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याकडेच आहे. त्यांनी फळी उतरवून अंगणात भिंतीला टेकवली, वाळवीच्या कोपऱ्यात पटाशीचं टोक खुपसून पाहिलं, मग दुसरीकडे हातानं थोपटली, बैलाची पाठ थोपटावी तशी.

"बाई, सागवान हाय हे. ऐसा माल अब मिलता नई. कोपरा येवढा कापून टाकतो, बाकी फळी तशीच बसवतो. नई तो पलटी मारके बिठातूं. पन टाकू नका."

"भेग आहे, खिळा आहे, खळगा आहे. मला गुळगुळीत हवंय रशीदभाई. प्लायवूड आणि वर सनमायका."

"सायबांना इचारलं काय?"

"त्यांना आल्यावर दाखवायचंय. गंमत म्हणून."

रशीदभाई फळीकडे पाहत राहिले. "मंग ही मला द्या. मै लेके जातूं."

तेही मी होऊ दिलं नाही. वाळवीचं लाकूड दुसऱ्याच्या घरात कसं द्यायचं? आजार देणं आणि वाळवी देणं सारखंच, असं माझी आई म्हणायची. आणि दोन दिवसांवर होळी होती. गल्लीच्या होळीला घरटी गोवऱ्या आणि लाकूड द्यायचं असतंच. लाकूड सत्कारणी लागेल, वाळवी जळून जाईल आणि अंगण मोकळं होईल. एका दगडात तीन पक्षी मारल्याचं समाधान घेऊन मी त्या दिवशी जेवले.

होळीच्या दिवशी दुपारी आजोबांना घेऊन भावजी आले. त्यांना लगेचची परतीची एसटी गाठायची होती म्हणून ते दारातूनच परत फिरले. हसत हसत म्हणाले, "सांबाळा वैनी तुमचा माल. चार दिस काय करमलं न्हाय बगा याला. आमच्यात समदी चाचपडाचाचपडी. म्हनतो कसा, माज्या टेबलापाशी मला समदं दिसतंय, तितं न्हेऊन सोड. आता आंदळ्याला टेबलापाशी दिसतंय म्हंजे लई नवाल की ओ!"

आजोबांनी काठीनं त्यांच्या पोटरीवर टोला दिला आणि दोघे भाऊ हसले. मीही हसले. ते शब्द माझ्या कानावरून गेले आणि मी आत पुरण वाटायला वळले. जुनी फळी तेव्हा अजून अंगणातच भिंतीला टेकून उभी होती. तिच्याजवळूनच मी त्यांचा हात धरून त्यांना घरात आणलं, हातपाय धुवायला मागच्या दाराशी नेलं, आणि प्रवासानं शिणलात, जरा पडा म्हणून आतल्या खोलीत निजवलं. पुढच्या खोलीची गंमत मला सकाळच्या उजेडात दाखवायची होती. उजेडाचा त्यांना काय उपयोग, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

दिवेलागणीला नरसाबाई आणि त्यांचे मालक फळी न्यायला आले. दोघा नवराबायकोची उभी हयात मागाच्या खोलीत, विणकामात गेलेली. तेलुगूत भांडतात आणि मराठीत समेट करतात. फळी उचलताना त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरातनं दर साल मोजून पाच गोवऱ्या आणि एक ढलपी. यंदा येवडं मोटं लाकूड? होळी आता तुमच्याच नावानं पेटवावी लागतंय की!" मी म्हटलं, "पेटवा, पेटवा."

होळी चौकात पेटली. मी नैवेद्याचं ताट घेतलं होतं आणि दुसऱ्या हातात आजोबांचं मनगट. ज्वाळा उंच गेल्या तशी माणसं मागे सरली. आजोबा मात्र एक पाऊल पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही तळवे आगीसमोर धरले. दिसणाऱ्या माणसाला होळी म्हणजे रंग आणि ठिणग्या. त्यांना ती ऊब होती, चटचट होती आणि वास होता. त्यांच्या निर्जीव डोळ्यांत ज्वाळा नाचत होत्या, ओसाड घराच्या खिडक्यांत सूर्यास्त दिसावा तशा. त्यांनी मान किंचित वळवली, घडी खात्यात वळवत तशी.

"सागवान आहे," ते म्हणाले.

मी हातातलं ताट सावरलं.

"जुनं आहे. तेल मुरलेलं. अगं, कुणी दिलं एवढं चांगलं लाकूड?"

"दिलं असेल कुणीतरी," मी म्हणाले, आणि गंमत फुटू नये म्हणून तोंडावर पदर धरून हसू आवरलं.

"जाळू नये असं लाकूड," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या ताटातली पोळी चाचपून उचलली आणि आपल्या हातानं आगीत टाकली.

दुसऱ्या सकाळी मी त्यांना खांद्याला धरून टेबलाशी नेलं. त्यांचा तळहात नेहमीप्रमाणे कडेवर टेकला आणि फिरू लागला. आवाज झाला नाही. सनमायक्यावर तळहात वाजत नाही. हात कडेच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग मध्यावर आला, डावीकडे सरकला. झाड तोडलेल्या जागी संध्याकाळी परतणारा पक्षी मी लहानपणी पाहिला आहे. तो ओरडत नाही. हवेत त्याच उंचीवर घिरट्या घालत राहतो, फांदी असायला हवी होती त्या उंचीवर. त्या सकाळी मी माझ्या नवऱ्याच्या हाताला तसं फिरताना पाहिलं.

"नवी बसवली," मी म्हणाले. "आता कूस जाणार नाही."

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "छान आहे." आणखी थोड्या वेळानं त्यांनी दोन्ही तळवे नाकाशी नेऊन हुंगले. होळीच्या धुराचा वास हाताला दुसऱ्या दिवशीही येतो. जुनी फळी कुठे ठेवलीस, हे त्यांनी मला विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीही नाही.

चहाचा कप त्यांच्या हातून पहिल्यांदा त्या सकाळी पडला.

मुलांनो, खिळ्यापासून काही बोटं सोडून कप असे. भेगेच्या कडेनं बोट नेलं की रेडिओ. गोळ्यांची डबी त्या खळग्यात बुडानं बसे, म्हणून ती कधी हलत नसे. पितळी खिळ्याला पोट टेकवून ते खुर्ची ओढत, म्हणून ताट नेमकं त्यांच्या समोर येई. ज्यांना मी दर शनिवारी पिनेनं टोकरत होते त्या खोटी म्हणजे त्यांच्या जगाचे रस्ते, नाके आणि मैलाचे दगड होते. माझ्या शिस्तीनं त्यांचं घर चालत नव्हतं. त्यांनी माझ्या शिस्तीखाली, मला कळूही न देता, आपला नकाशा अंथरून ठेवला होता. तो मी गोवऱ्यांसकट जाळला.

रशीदभाईंना मी पुन्हा बोलावलं. खिळा ठोका, खाच पाडा, असं मी म्हणाले. त्यांनी विचारलं, "कुटं ठोकू, बाई?" मी टेबलाजवळ उभी राहिले आणि मला सांगता येईना. किती वर्षं ती फळी मी पुसली. माझा पदर त्या खिळ्यात शेकडो वेळा अडकला. पण खिळा कोपऱ्यापासून एक वीत होता की दीड, भेग कुठे सुरू होत होती, हे मला माहीत नव्हतं. मी ते फक्त पाहिलेलं होतं. रशीदभाईंनी मान खाली घातली. "सायबांनाच इचारा ना," ते हळूच म्हणाले.

आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "राहू दे गं. त्या खुणा मोजून नव्हत्या ठेवल्या." मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "आता तू सांगत जा."

मी सांगत गेले. कप उजवीकडे. डबी पुढे. नाही, थोडी अलीकडे. जो माणूस घरात कुणाला पाणीसुद्धा मागत नव्हता, त्याला आता घासाघासाला माझा आवाज लागे, आणि मी कामात असले की तो हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसे. वैशाखात त्यांनी टेबलाशी येणं कमी केलं. आषाढात ते पलंगावरच जेवू लागले. म्हणाले, तुलाही खेपा कमी. नंतर नंतर नुसते पडून राहत, आणि कधीकधी चादरीवर उजव्या हाताची बोटं फिरत, कापड तपासल्यासारखी. अश्विनात ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं, आणि डॉक्टर खोटं का लिहितील? पण मला कुणी विचारलं, तर तो माणूस शिमग्यापासूनच हळूहळू घराबाहेर चालला होता.

माझ्यावर ते एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर मला क्षमा मागता आली असती. त्यांनी "छान आहे" म्हणून ती वाटच बंद केली; ते प्रेमानं म्हणाले की थकून, हे ठरवायला आता तोंडावरचा भावही माझ्याकडे नाही. ज्याला दिसत नसतं, त्याचा चेहरा आपण नीट पाहत नाही. तो आपल्याला पाहत नाही ना, म्हणून आपणही सैल होतो.

तेव्हा सानिका, फोनवर आजोबांच्या फोटोखाली तुला जी चकचकीत फळी दिसते, ती आजोबांची नाही. तिच्यावर त्यांचे हात जेमतेम तीन-चार महिने फिरले, तेही काही न सापडता. ती मी पाठवणार नाही. बाबांना मी हे समोर बसून सांगेन. त्यांनाही अजून माहीत नाही; जुन्याच फळीवर सनमायका चढवला, असं त्यांना वाटतं. तुम्हाला माझा राग आला तर येऊ द्या. तो लपवून "छान आहे" असं मात्र मला लिहू नका.

माणूस गेला की त्याच्या वस्तू उरतात, असं आपण एकमेकांना सांगतो; पण वस्तूंना तो कसा ओळखत होता, हे त्याच्याबरोबरच जातं, आणि काळानं नेलं असं आपण म्हणतो त्यातलं पुष्कळसं आपण स्वतःच, चांगल्या हेतूनं, आधी उचलून दिलेलं असतं. आता पहाटे मी पुढच्या खोलीत येते, डोळे मिटते आणि त्या गुळगुळीत पृष्ठभागावर हात ठेवून आठवायचा प्रयत्न करते. एक वीत की दीड, अजूनही सांगता येत नाही.

फळी गेली. चार लोखंडी पाय आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी मूळची आहे. ती अजून भक्कम आहे; आजोबांचं म्हणून काही हवंच असेल, तर ती मागा.

तुमची,
आजी